विजूताई आणि बिनअंड्याचा केक

विजूताईंबरोबर कुठेही जायचं म्हणजे आधी आपला मोबाईल त्यांच्या पिशवीत टाकायला लागायचा. पिशवी सोलापुरी चादरीची होती, निळी-पांढरी, त्यांनी स्वतः शिवलेली. राजवाडा असो, चर्च असो, संग्रहालय असो, दाराशी त्या पिशवी उघडून उभ्या राहायच्या आणि एकेकाकडे बघायच्या. "आधी डोळे, मग फोन," एवढंच म्हणायच्या. दहा मिनिटांनी फोन परत मिळायचे. श्टुटगार्टच्या आसपासच्या कंपन्यांत वीस-वीस माणसांना कामाला लावणारे आमच्यातले इंजिनिअर त्यांच्यापुढे मुकाट्याने फोन टाकायचे.

पूर्ण नाव विजया केर्न. मूळच्या सोलापूरच्या, वडील गिरणीच्या रंगखात्यात होते. तरुणपणी शिकायला म्हणून जर्मनीत आल्या, केर्न नावाच्या एका शाळामास्तरांशी लग्न केलं आणि संग्रहालयात जुनी कापडं दुरुस्त करता करता निवृत्त झाल्या. माझी ओळख झाली तेव्हा केर्नसाहेबांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्यांची मराठी, त्या ज्या दिवशी विमानात बसल्या त्या दिवसापाशीच थांबली होती. आम्ही "ट्रेन लेट आहे" म्हणायचो, त्या "आगगाडीला उशीर आहे" म्हणायच्या. आमचं इंग्रजी ऐकून त्यांच्या कपाळाला आठी पडायची. पण स्वतःच्या दर तिसऱ्या वाक्यात जर्मन "आल्झो", म्हणजे आपलं "तर मग", असतं हे त्यांना कधी ऐकूच आलं नाही. मी एकदा धीर करून सांगितलं, तर म्हणाल्या, "आल्झो, तसं काही नाहीये."

मी श्टुटगार्टजवळ गेर्लिंगेनला नोकरीला, आणि आमच्या मराठी मंडळाच्या सहलींची यादी करायचं काम माझ्याकडे. उन्हाळा आला की इथल्या प्रत्येक मराठी घरात पुण्याहून, नाशिकहून, कोल्हापूरहून आई-वडील नाहीतर सासू-सासरे येऊन थडकतात. तीन महिने त्यांना घरात बसवून काय करायचं हा सगळ्यांचा सामाईक प्रश्न. त्यावर उपाय म्हणून बस काढायची आणि विजूताईंना बोलवायचं, असा आमचा शिरस्ता पडला होता. आम्ही त्यांना फुकटच्या गाईड समजत होतो, हे आज लिहिताना मान खाली जाते; पण खरं ते तसंच होतं.

पहिली सहल लुडविग्सबुर्गच्या राजवाड्याची. आम्ही सगळे माना वर करून छतावरचा सोन्याचा मुलामा बघत होतो, तेव्हा विजूताई एका बाजूला भिंतीतल्या छोट्या दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "कोणी बांधलं ते पाटीवर लिहिलेलं असतं. झाडून कोण काढत होतं ते विचारा." मग दालनांच्या मागून जाणारी नोकरांची अरुंद वाट त्यांनी दाखवली. शेगड्यांत लाकडं मागच्या बाजूनेच घालायची सोय होती, म्हणजे राजाला ऊब मिळावी पण लाकडं आणणारा माणूस दिसू नये. माझे बाबा एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले. सोन्याच्या छताखाली ते जांभया देत होते; त्या शेगडीपाशी त्यांचे डोळे एकदम उघडले. राख कशी काढत असतील, धूर कुठून जात असेल, असं त्यांनी विचारायला सुरुवात केली, आणि विजूताई आपली घडीची खुर्ची उघडून त्यांच्यासमोर बसल्याच. बाकीची मंडळी बाग बघून परत आली तरी या दोघांचं शेगडीवरच चाललं होतं. त्या दिवसापासून बाबा पुण्याहून फोन केला की आधी "विजूताई कशा आहेत?" असं विचारत.

ती घडीची खुर्ची, चादरीची पिशवी आणि पिशवीत शेंगाचटणीची बाटली, ह्या तीन गोष्टींशिवाय मी त्यांना कधी पाहिलं नाही. ब्रेत्सेल, म्हणजे इथला वेटोळा खारा पाव, मधोमध फाडून त्यात लोणी आणि शेंगाचटणी भरून त्या खायच्या, आणि जर्मन लोकांनाही आग्रहाने खायला घालायच्या. उंच ठिकाणी चढायच्या नाहीत. उल्मला आम्ही सगळे चर्चच्या मनोऱ्यावर धापा टाकत चढलो, त्या खाली बाकावर बसून राहिल्या. वर का आला नाहीत विचारलं तर म्हणाल्या, "वरून सगळी गावं सारखीच दिसतात." फ्रान्सच्या हद्दीत श्ट्रासबुर्गला गेलो तेव्हा एका चित्रासमोर त्यांनी आम्हाला अर्धा तास उभं केलं. चित्रात कुणीतरी संत, आणि त्या दाखवत होत्या त्याच्या पायाशी गुडघे टेकून बसलेल्या बाईच्या झग्याचा काठ. काठ उसवला होता आणि चित्रकाराने तो उसवलेलाच काढला होता. "त्याला हे दिसलं, बघा," त्या म्हणाल्या. आमच्यातले सोनवणे घड्याळ बघत होते. त्यांनी हळूच विचारलं, अजून किती वेळ लागेल. विजूताई वळूनही न बघता म्हणाल्या, "काढायला त्याला वर्ष लागलं असेल. तुम्ही पाच मिनिटं द्या."

स्वभाव सरळ आणि जीभ तिखट. गोड बोलून वेळ मारून नेणं त्यांना जमत नसे, आणि दुसऱ्याने नेली तर लगेच कळे. एका दिवाळीत माझ्या बायकोच्या, मृणालच्या, पैठणीच्या पदराला पणतीने बोटभर भोक पडलं. ती आईने लग्नात दिलेली पैठणी. मृणाल रडकुंडीला आली होती. विजूताई साडी घेऊन गेल्या आणि तीन आठवड्यांनी घेऊन आल्या. भोक भरलं होतं, वीण अगदी मूळच्यासारखी, पण धागा किंचित फिकट. जवळून पाहिलं की कळायचं. मृणालचा चेहरा जरा उतरला. तिने विचारलं, अगदी त्याच रंगाचा धागा नव्हता का मिळाला? विजूताई म्हणाल्या, "मिळाला होता. मुद्दाम नाही वापरला. दुरुस्ती केलेली दिसली पाहिजे, मृणाल. लपवली की ती लबाडी होते." संग्रहालयात त्यांना हेच शिकवलं होतं म्हणे: लांबून डोळ्याला खुपू नये, पण जवळ येणाऱ्याला फसवूही नये. मृणाल नंतर घरी मला म्हणाली, साडी माझी आहे, संग्रहालयाची नाही. मी हसलो होतो.

श्वेबिशे आल्बच्या डोंगरात एक लहानसं गाव आहे. तिथल्या जुन्या शाळेत गावाचं स्वतःचं संग्रहालय आहे, महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी उघडणारं. तिथे हेर, म्हणजे श्रीयुत, बाउडर नावाचे निवृत्त पोस्टमन आणि त्यांची बायको सगळं सांभाळतात. नांगर, दुधाच्या बरण्या, शाळेचे बाक, असल्या सामानात विजूताईंना कधीतरी एक रुमाल सापडला. त्या गावातल्या एका शेतमजूर बाईने दोन-अडीचशे वर्षांपूर्वी लग्नात डोक्याला बांधलेला. लाल जमिनीवर फुलं. गावाला वाटत होतं तो हॉलंडचा. विजूताईंनी एका नजरेत सांगितलं की हा लाल रंग झाडाच्या मुळीपासून काढलेला आहे आणि कापड आपल्या पूर्व किनाऱ्यावरचं आहे. हॉलंडहून नुसतं फिरून आलंय. रंगखात्यातल्या माणसाची लेक ती. पुढे कितीतरी महिने आगगाडी आणि मग गावची बस, असं जाऊन-येऊन त्यांनी तो रुमाल दुरुस्त केला, बिनमोबदला.

त्यांची एकच इच्छा होती. आपल्या बायकांनी, म्हणजे इथे आलेल्या आयांनी आणि सासवांनी, तो रुमाल एकदा बघावा. "जर्मन लोक बघतात आणि 'छान' म्हणतात," त्या मला म्हणाल्या होत्या. "आपल्या बाईला ते हातातलं कापड वाटेल. मला ते एकदा बघायचंय, समीर. आता हात थरथरतो माझा. ही सहल झाली की मी काही कुठे येणार नाही."

मी सगळं मनावर घेतलं, निदान तसं दाखवलं. बोडेन्झे सरोवराला बस न्यायची, परतताना दुपारी तीन वाजता त्या गावात थांबायचं. शनिवार होता, म्हणून हेर बाउडर खास आमच्यासाठी संग्रहालय उघडणार होते. त्यांच्या बायको, फ्राउ बाउडर, कॉफी आणि केक करणार होत्या. चातुर्मास चालू होता, बऱ्याच आया अंडं खात नव्हत्या. तेव्हा मीच विजूताईंना फोन करून बजावलं की केक बिनअंड्याचाच हवा, विसरू नका. नंतर त्यांनी सांगितलं, फ्राउ बाउडरनी आयुष्यात बिनअंड्याचा केक केला नव्हता. पहिला बसला, दुसरा कच्चा राहिला, तिसरा जमला. तो चाखायला विजूताई मुद्दाम त्या गावी जाऊन आल्या होत्या. मला ऐकून गंमत वाटली होती. चाळीस माणसं, तीन वाजता, असं मी दोनदा पक्कं सांगितलं.

त्या दिवशी विजूताई आमच्याबरोबर बसमध्ये नव्हत्या. टेबलं लावायला त्या सकाळीच पुढे गेल्या होत्या. त्या बसमध्ये असत्या तर पुढचं काही घडलंच नसतं.

परतीच्या वाटेवर सोनवण्यांनी विषय काढला. त्यांचे सासू-सासरे मंगळवारी भारतात परतणार होते आणि बॅगा, चॉकलेटं, जाकिटं काहीच घेऊन झालं नव्हतं. वाटेत मोठं आउटलेट लागतं, तिथे तासभर थांबू. कुणीतरी म्हणालं, हात वर करा. भराभर हात वर झाले. आईने केला नाही. बाबा मला म्हणाले, "अरे, त्या बाई वाट बघत असतील." मी म्हटलं, बाबा, तासाभराचा तर प्रश्न आहे, पोचू. आणि खरं सांगायचं तर मलाही बूट घ्यायचे होते.

आपल्याकडे "येतो" म्हणजे जमलं तर येतो. समोरचाही तेवढंच धरून चालतो. नाही आलं कुणी तर पोहे झाकून ठेवतो. इथे तीन म्हणजे तीन, आणि चाळीस म्हणजे चाळीस बश्या, हे मला इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं असं नाही. ऑफिसात जर्मन साहेबाला मी दोन मिनिटं उशिरा कधी भेटलो नाही. ते तसलं वागणं मी साहेबासाठी राखून ठेवलं होतं.

तासाचे दोन तास झाले, तरी माणसं गोळा होईनात. तीन वाजले तेव्हा मी बुटांच्या दुकानात रांगेत होतो. साडेतीनला बाहेर येऊन फोन लावला. काय सांगायचं ते ठरवलं नव्हतं. पहिल्याच घंटीला त्यांनी उचलला.

"समीर, कुठे आहात?"

"ताई, बस बंद पडली."

मागे कपबश्यांचा आवाज येत होता. मग त्यांनी विचारलं, "माणसं सगळी बरी आहेत ना?"

मी हो म्हणालो. हायवेवर आहोत, मेकॅनिकची वाट बघतोय, असं आणखीही बरंच बोललो. त्यांनी तिथे कुणाला तरी जर्मनमध्ये काही सांगितलं, मग पुन्हा फोनवर आल्या.

"हेर बाउडर म्हणतायत, अग्निशमन दलाची व्हॅन आहे गावात. ती घेऊन येतो, आजी-आजोबांना उन्हातून इथे आणतो. कुठे आहात ते सांग."

"नको ताई. ड्रायव्हरचे कायद्याचे तास भरत आलेत, बस सुरू झाली की आम्हाला थेट घरीच जावं लागेल."

"बरं," त्या म्हणाल्या. "मी त्यांना तसं सांगते."

आई-बाबा बाहेर बाकावर सावलीत आईस्क्रीम खात बसले होते. मी म्हटलं, विजूताईंना कळवलंय. बाबांनी माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहिलं.

संध्याकाळी घरी येऊन सहलीचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला. सोनवण्यांनी फोटो टाकला होता: आउटलेटच्या दारात आमची मंडळी, प्रत्येकाच्या हातात पिशव्या, आणि एका कोपऱ्यात मीही. टाकल्याची वेळ तीन वाजून दहा मिनिटं. त्याच्याखाली, तीन वाजून चौदा मिनिटांनी, विजूताई ग्रुपमधून बाहेर पडल्याची ओळ होती. मी फोन केला साडेतीनला. म्हणजे "कुठे आहात" असं त्यांनी विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं. मला खरं बोलायला त्यांनी एक जागा ठेवली होती, आणि मी तिथे बस बंद पाडली. आणि जी बाई साडीचं भोकसुद्धा लपवत नव्हती, तिला चाळीस बश्यांसमोर उभं राहून माझं खोटं जर्मनमध्ये सांगावं लागलं.

मी त्यांच्याकडे गेलो नाही. माफीचा मेसेज लिहिला आणि पुसला, असं तीन-चारदा केलं. मंडळात कुणी म्हणालं, ताई रागावलेल्या दिसतात, गणपतीला येतील तेव्हा बोलू. गणपतीला त्या आल्या नाहीत. आई-बाबा परत गेले. हिवाळ्यात एकदा एस-बानच्या, म्हणजे इथल्या लोकलच्या, स्टेशनवर मला त्या पलीकडच्या फलाटावर दिसल्या. खांबाला टेकून आपली घडीची खुर्ची मांडून बसल्या होत्या, मांडीवर चादरीची पिशवी, आणि हातमोजे घालायचा प्रयत्न चालला होता. हात इतका थरथरत होता की बोटं मोज्यात शिरत नव्हती. मी हाक मारली असती तर ऐकू गेली असती. मी तिकिटाच्या मशीनकडे तोंड करून उभा राहिलो, माझ्याकडे महिन्याचा पास असून मशीनची बटणं दाबत राहिलो. त्यांची गाडी आली आणि गेली. मग वळून पाहिलं. मी त्यांना पाहिलं ते तेवढंच शेवटचं.

मार्चमध्ये पोस्टाने काळ्या काठाचं कार्ड आलं. इथे माणूस गेल्यावर असं कार्ड पाठवतात. पाकिटावर माझा नाव-पत्ता विजूताईंच्या अक्षरात होता, वाकडा, मोठ्या कष्टाने लिहिलेला. कुणाकुणाला कळवायचं त्याची पाकिटं त्यांनी आधीच लिहून ठेवली होती. अंत्यविधीच्या दिवशी मीटिंग आहे असं मी मृणालला सांगितलं. मीटिंग होती, पण टाळता आली असती.

त्या उन्हाळ्यात आई-बाबा पुन्हा आले. विजूताईंची बातमी मी फोनवर सांगितली नव्हती; ती ऐकून बाबा खिडकीपाशी जाऊन बसले. आई म्हणाली, "त्यांचं ते कापड बघायचं राहिलंय. मला घेऊन चल." मी कामं सांगितली, रस्ता लांब आहे सांगितलं. आई बधली नाही. पहिल्या रविवारी आम्ही तिघे गेलो.

हेर बाउडर ऐंशीचे असतील. आम्ही भारतातले म्हटल्यावर त्यांनी दोन्ही हातांनी आईचा हात धरला. विजूताईंची घडीची खुर्ची तिथेच होती. शेवटच्या दिवसांत त्यांनी ती संग्रहालयाला देऊन टाकली होती. हेर बाउडरनी आईला तिच्यावर बसवलं आणि खण उघडून रुमाल समोर आणला. आई वाकून कितीतरी वेळ बघत राहिली. हात लावायचा नाही हे तिला मी सांगितलं होतं, तरी तिची बोटं हवेतच कापड चाचपत होती. एका कोपऱ्याकडे बोट करून म्हणाली, "इथे भरलंय त्यांनी. धागा फिकट आहे, दिसतोय बघ." बाबाही चष्मा वर करून वाकले. विजूताईंना हेच एकदा बघायचं होतं.

मग हेर बाउडरनी अभिप्रायाची वही आणली. पानं उलटून त्या शनिवारचं पान काढलं. जर्मनमध्ये काहीच नव्हतं, नुसत्या तीन ओळी मराठीत. म्हणाले, त्या दिवशी सगळं आवरून झाल्यावर फ्राउ केर्न यांनी हे लिहिलं, पण वाचून काही दाखवलं नाही. आम्हाला वाटतं आभार मानले असतील. काय लिहिलंय, जरा सांगाल का?

लिहिलं होतं: "बस बंद पडली नव्हती. आम्ही खरेदीला गेलो होतो. केक फार छान झाला होता. विजया."

मी पुन्हा पुन्हा वाचलं. "ते" नव्हतं लिहिलं. आम्ही, असं लिहिलं होतं. त्या सकाळपासून त्या गावात कपबश्या मांडत होत्या, आणि आम्ही खरेदीला गेलो होतो.

शेवटची ओळ तेवढी सांगून मोकळं होता आलं असतं. केकची ओळ. माझ्या ओठांवर तीच आली होती. मग मी तिन्ही ओळी सांगितल्या, एकेक करून, माझ्या मोडक्या जर्मनमध्ये, आणि फोन करणारा माणूस मीच होतो हेही सांगितलं. हेर बाउडरनी बाबांकडे पाहिलं आणि मला विचारलं, "म्हणजे म्हातारी माणसं उन्हात रस्त्यावर उभी नव्हती?"

नव्हती, मी म्हणालो. सावलीत बसली होती.

"गूट, बरं झालं," ते म्हणाले. "माझ्या बायकोला त्या रात्री झोप लागली नव्हती. तिला सांगतो."

मग त्यांनी खिशातलं पेन काढून माझ्यापुढे धरलं. म्हणाले, येणारे लोक नेहमी विचारतात हे कोणत्या लिपीत आहे, काय लिहिलंय. तेव्हा तुम्ही त्याखाली जर्मनमध्ये लिहा. बाबांनी मला विचारलं, काय म्हणतायत ते? मी सांगितलं. बाबा म्हणाले, "मग लिही की."

मी विजूताईंच्या तीन ओळींखाली तीन ओळी लिहिल्या. सही करायला हेर बाउडरनी सांगितलं नव्हतं. मी पूर्ण नाव लिहिलं आणि वही उघडीच ठेवली.